लांबच्या वाटेची भाकरी

स्वयंपाक करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण भूक शिजवणारा माणूस उभ्या नगर जिल्ह्यात एकच झाला असेल, आणि ते म्हणजे आमच्या आईचे मामा. नात्यानं ते आमचे आजोबा. पण आजोबा म्हटलेलं त्यांना मुळीच खपत नसे, म्हणून आईच्या मागोमाग आम्हीही त्यांना मामाच म्हणायचो. लढाईचे दिवस होते. साखर रेशनवर, रॉकेल रेशनवर, आणि गहू सणासुदीला तेवढा दर्शन देऊन जाई. अशा दिवसांत सहलीचं नाव काढणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं. मामांना मात्र अधूनमधून कुठं ना कुठं भाकऱ्या बांधून जायचंच असे, आणि एकट्यानं जाणं त्यांना ठाऊक नव्हतं. "अरे, घरात बसून श्रीखंड खाल्लंत तरी चौथ्या घासाला कंटाळाल," ते म्हणायचे. "चटणी माझी, भाकरी माझी, डोंगर सरकारचा. उठा!" आणि आम्ही उठायचो, कारण नाही म्हटलं तर ते दारातच बसून राहत.

मामांना अन्नापेक्षा अन्न खाणाऱ्याचंच कुतूहल फार. कुणी 'ठेचा काय झकास झालाय' म्हटलं, की त्यांना आनंद व्हायच्या आधी शंका यायची. "थांब. आधी सांग, सकाळपासून काय काय केलंस?" एकदा त्यांनी एकाच वाटीतली लसणाची चटणी आमच्या शेजारच्या कापडवाल्यांना दिली, जे सकाळपासून गादीवरून हलले नव्हते, आणि तीच चटणी बाजारात पोती वाहणाऱ्या हमालाला दिली. मग दोघांच्याही तोंडाकडे टक लावून बसले. कापडवाले म्हणाले, मीठ कमी आहे. हमालानं बोटं चाटली. मामा हर्षानं घरी आले ते ओरडतच, "अगं, सापडलं! मीठ पायात असतं!" आईनं त्यांना आधी पाय धुवायला सांगितलं.

सहलीच्या आदल्या दिवशी ते डब्यांची तालीम घेत. भरलेले डबे सायकलला लटकवून माळीवाड्याच्या वेशीपासून स्टेशनापर्यंत दगडाधोंड्यांतून न्यायचे आणि परत आणायचे. कुठली भाकरी मोडते, कुठली भाजी आंबते, सगळं उघडून बघायचे, हुंगायचे, चाखायचे. एकदा आमटी सगळी धोतरावर सांडली. दुसरा कुणी धोतराकडे बघून हळहळला असता. हे आमटीकडेच बघत राहिले. "पातळ पदार्थाला प्रवासाची अक्कल नसते," एवढंच म्हणाले. तेव्हापासून आमच्या सहलीला कोरडा झुणका, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या, ठेचा, बुक्कीनं फोडायला कांदे आणि तिथंच भाजायला वांगी, एवढंच जाई. स्वस्त तर खरंच, पण चव? सांगते.

खरी मेख वाटेत होती. मैलभरावरच्या जागी मामा कधी मैलभर चालून पोचलेच नाहीत. ओढ्याच्या कडेनं, टेकडीला वळसा घालून, कुणाची तरी विहीर बघून, मग जेवण. माझे वडील एकदा नवी वहाण घालून गेले आणि येताना ती हातात घेऊन आले. घरी झुणका ताटाच्या कडेला सारणारा हा माणूस त्या दिवशी मागून मागून खात होता. मामा समोर बसून नुसते बघत होते, अगदी एखादं फूल उमलताना बघावं तसे.

अशा माणसाच्या हाती आमच्या घरानं ताईचं लग्न दिलं, आता बोला! त्याचं असं झालं. कोपरगावकडचं एक बागाईतदार घर सांगून आलं. माझ्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे ताईनं, त्या मुलाला कुणाच्या तरी लग्नात पाहिलं होतं आणि तो आवडल्याचं चक्क आईला सांगून टाकलं होतं. "हे जमलं नाही तर दुसरं स्थळ माझ्यासमोर आणू नका," असंही वर म्हणाली. पण तिथं शब्द चालायचा तो मुलाच्या आत्याबाईंचा. आईविना पोर त्यांनीच वाढवलेलं. आणि त्यांची ख्याती अशी की मुलगी बघायला जात, जेवत, आणि जेवणात खोट काढून उठत. कुठं पुरण सैल, कुठं पोळी कडक. सोयरीक तिथंच संपे. आमच्या घरात तर पुरणाची पोळी करायला गहूच नव्हता. आई रडायला लागली.

मामा म्हणाले, "रडतेस काय? कार्तिक चाललाय. आवळीभोजनाला बोलव त्यांना. आवळ्याखाली पंगत बसली की भाकरीला कोण नाव ठेवतंय? फक्त एक सांगतो, आल्यावर पाण्याशिवाय काहीही द्यायचं नाही. बाकी माझ्यावर सोड."

ठरल्या दिवशी मुलगा आणि आत्याबाई सकाळीच आल्या. मामा गाडी आणायला रहीमभाईंकडे गेले होते. चांदबीबीच्या महालाचा डोंगर आहे ना, त्याच्या पायथ्याला रहीमभाईंचा मळा, आणि मळ्यात आवळ्याचं झाड. इकडे आईचा जीव राहीना. दारी आलेला पाहुणा कोरड्या तोंडानं पुढं पाठवायचा, तोही व्याही होऊ घातलेला? शेजारून वाटीभर रवा मागून आणला, रेशनची होती नव्हती तेवढी साखर ओतून तिनं शिरा केला, वर फोडणीचे पोहे. आत्याबाईंनी दोन्ही निगुतीनं संपवलं. मामा गाडी घेऊन परतले तर समोर रिकाम्या बशा! त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "घात केलास गं," ते आईच्या कानाशी पुटपुटले आणि खाली मान घालून गाडीत चढले.

गाडी मळ्यापाशी आली, पण मामांनी खूण करून ती सरळ पुढं काढायला लावली. गाडी हाकणाऱ्या बिचाऱ्या रहीमभाईंना मामांचा बेत काय ठाऊक! "मामा, आवो मळा मागं ऱ्हायला की!"

"हाका हो तुम्ही. पाहुण्यांना मुलूख दाखवायचाय."

डोंगराशी आल्यावर बैल दमल्याचं मामांनी जाहीर केलं. बैल मजेत कान हलवत उभे होते. झालं, सगळे पायी. आत्याबाई चांगल्या भरल्या अंगाच्या, त्यात ऊन चढलेलं. मामा दर दगडापाशी थांबून काहीबाही इतिहास सांगत होते, त्यातला निम्मा त्यांनी तिथंच रचला असावा. महाल झाला, तरी उतरताना पलीकडची वाट धरली. आत्याबाई तोंडानं सारख्या कुरकुरत होत्या: हे काय दगडाचं गाव, ही काय वाट! ताईचा चेहरा पांढरा पडला. तिनं मामांची बाही ओढली. "मामा, पुरे करा. माझं लग्न मोडताय तुम्ही!" तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आत्ताच नाही, पोरी," मामा हळूच म्हणाले. "अजून त्या बोलतायत. खऱ्या भुकेला बोलवत नाही."

पण स्वतः दर चार पावलांनी मागं वळून आत्याबाईंकडे बघत होते. पुढच्या वळणावर आत्याबाई गप्प झाल्या. मग एका धोंड्यावर बसल्या आणि अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "आवो, त्ये आवळ्याचं झाड हाय तरी का न्हाई?"

मामांचा चेहरा उजळला. "हे काय, आलंच!"

झाडाखाली ताईनं निखाऱ्यावर वांगी भाजली, कांदा फोडला, भाकऱ्या वाढल्या. आत्याबाईंनी मान वर केली नाही. भाकरी संपली, दुसरी मागितली, तीही संपली. मामा घास न घेता त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आम्ही सगळेच बघत होतो. शेवटी आत्याबाईंनी विचारलं, "वांगं तू भाजलंस गं?"

"हो," ताई म्हणाली.

"आमच्याकडं गूळ लई हाय. पन असं जेवान न्हाई झालं कवा. पोरगी आमची. आता ठेचा वाढा."

ताई कोपरगावला गेली आणि तिथं रमली. पुढं स्वराज्य आलं, आणि मामा थकले. आजार म्हणावा असा नव्हता, पण अन्नावरची वासना उडाली. आईनं काय काय केलं, ते तोंड फिरवत. ज्या माणसानं गावभर भूक वाटली त्याला घास जाऊ नये, हे मला बघवत नसे. ताई तूप, पेढे घेऊन धावत आली. त्यांनी पेढ्याला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्यांना म्हणाली, "मामा, परसातला आवळा धरलाय, बघायला चला." ताईच्या लग्नानंतर मामांनीच लावलेलं हे झाड मागच्या दारासमोरच. पण ताईनं त्यांचा हात धरून आधी विहिरीकडे नेलं, तिथून गोठ्याकडे, मग कुंपणाच्या कडेकडेनं. ते थांबत, धापा टाकत, पुन्हा चालत. आई दारातून म्हणाली, "अगं, झाड तर हे इथंच," तेव्हा मी तिचा हात दाबला. झाडाखाली बसल्यावर ताईनं भाकरी आणि ठेचा पुढं केला. मामांनी एक घास घेतला. सावकाश चावला. मग दुसरा घेतला, आणि तिच्याकडे बघत राहिले.

"पोरी, लांबून आणलंस ना मला?"

"व्हय, मामा." सासरची बोली तिच्या तोंडी बसली होती.

"थोडं अजून लांबून आणायचंस गं," मामा म्हणाले. अर्धी भाकरी तशीच ठेवून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.