बाबांचा तोल

बाबा तांडेल होते, म्हणजे मासेमारीची होडी त्यांच्या शब्दावर चालायची. होडी कितीही हलली तरी ते कशाला न धरता, चहाचा पेला हातात घेऊन उभे राहायचे.

तीन वर्षांपूर्वी ते साध्या सर्दीतापातून उठले होते. एका सकाळी खाटेवरून उतरले आणि तिथेच आडवे झाले. "घर फिरतंय," एवढंच म्हणाले. दोन दिवस नुसत्या ओकाऱ्या. आठवड्याने भिंतीला धरून चालता येऊ लागलं, तसे हट्टाने जेटीवर गेले आणि होडीत चढताना फळीवरून चिखलात पडले. लोक हसले. कुणीतरी म्हणालं, सकाळीच घेतलीय.

मी तेव्हा माहेरी आले होते. माझ्याही कानावर ते आलं. संध्याकाळी त्यांना पाणी देताना मी जरा जास्तच वाकले आणि त्यांच्या तोंडाचा वास घेतला. त्यांना कळलं.

"मी घेतलेली नाय गो, पोरी," ते हळू म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांना रत्नागिरीत कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. बाबा उजवीकडे कलले, मी धरलं.

"आतल्या कानातून मेंदूकडे एक नस जाते. शरीराचा तोल तिच्यावर असतो," डॉक्टर म्हणाले. "उजवीकडच्या नसेला सूज येऊन ती निकामी झालीय. व्यायाम केलात तर रस्त्यावर नीट चालाल."

"आणि होडीवर?"

डॉक्टर म्हणाले, "ते मी नाही सांगू शकत."

बाबा रोज सकाळी अंगठा डोळ्यांसमोर धरून मान डावी-उजवीकडे फिरवत बसायचे. दिवाळीपर्यंत रस्त्यावर सरळ चालू लागले. मग एकदा होडीवर गेले. समुद्र शांत होता, तरी खाडीच्या तोंडाशीच ते खाली बसले आणि दोन्ही हातांनी लाकूड घट्ट धरून परत आले. सुकाणू त्यांनी आपल्या जुन्या खलाशाकडे दिलं. त्यानंतर ओटीवर बसून दुसऱ्यांची जाळी विणायचे. अंघोळीला डोळ्यांत साबण गेला तरी ते डोळे उघडेच ठेवायचे. मिटले की पडायला व्हायचं.

गेल्या वर्षी हृदयाच्या झटक्याने ते गेले. त्या संध्याकाळचा विषय त्यांनी परत कधी काढला नाही. माफी मागायची म्हणून मी सासरहून दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा "जेवलात का?" एवढंच विचारून ठेवला.