पाणी धरून वजन

उत्तरापुढे एकक लिहिलं नसेल, तर मांढरे सर वही खिडकीबाहेर फेकत. चांद्याच्या कॉलेजातली मुलं हे अजून हसत हसत सांगतात. मला ते हसणं सहन होत नाही.

सर रसायनशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर होते. चिमूरकडच्या तलावावर मासे धरणाऱ्या ढिवर घरातले पहिले पदवीधर. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून आलेली, वनखात्यातल्या अधिकाऱ्याची मुलगी. वर्गात मान वर करत नसे. पहिल्याच प्रात्यक्षिकाला त्यांनी मला विचारलं, "नऊ ग्रॅम पान्यात रेनू किती?" मी इंग्रजीत घडाघडा सांगितलं, तीन गुणिले दहाचा तेविसावा घात.

"पाठ हाये," सर म्हणाले. "अठरा ग्रॅमचा एक मोल, नऊचा अर्धा. पन रेनू मोजले कोनी? तुमी?"

मागून कोणीतरी म्हणालं, "सर, मासोळ्या मोजा!" वर्ग फिदीफिदी हसला. सरांचे कान लाल झाले.

"मोजतोच ना! माहा बाप मासोळीचं बीज इकते. केसाएवढी पिल्लं. एक वाटी मोजते, मंग नुसत्या वाट्या टाकते. पन पयले पानी निथळून घेते. पान्यासकट वाटी भरली तं पिल्लं कमी येतात. हसा आता! तुमी वजनाची वाटी करता, एवढाच फरक हाये."

मोल म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. तसं मी त्यांना कधी सांगितलं नाही.

वार्षिक प्रात्यक्षिकाच्या सकाळी मी जर्नल द्यायला तराजूच्या खोलीत गेले. सर हातात चिठ्ठी घेऊन धुसफुसत होते. ऑक्झॅलिक ॲसिडचं द्रावण करायचं होतं आणि किती ग्रॅम घ्यायचं ते विभागप्रमुखांनी लिहून दिलं होतं.

"हे पाहा बाई. याच्या खड्यात दर रेनूमागं पान्याचे दोन रेनू बसले असतात. एका मोलाले एकशे सव्वीस ग्रॅम पायजे. यायनं नव्वदच धरले. पानी कुठी गेलं?"

तेवढ्यात विभागप्रमुख आले. सरांनी चिठ्ठी पुढे केली. त्यांनी ती वाचलीसुद्धा नाही. "लिहिलंय तेवढं तोला, मांढरे. मला शिकवू नका." जाताना मला ओळखीचं हसले. आमच्याकडे ते चहाला येत.

सरांनी तेवढंच तोललं. दुपारी पंचवीस मुलांची उत्तरं एकाच बाजूला चुकली. बाहेरून आलेले परीक्षक संतापले, परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. विभागप्रमुखांनी प्राचार्यांना सांगितलं की मांढऱ्यांनी वजन चुकवलं. चिठ्ठी सापडेना. सरांनी साक्षीला माझं नाव सांगितलं.

प्राचार्यांनी मला बोलावून इंग्रजीत विचारलं, "तू अशी चिठ्ठी पाहिलीस?" शेजारच्या खुर्चीत विभागप्रमुख बसले होते. दारापाशी सर उभे होते; त्यांना खुर्ची दिलेली नव्हती. एवढंच म्हणायचं होतं : हो, पाहिली. मी टेबलावरच्या शाईच्या डागाकडे बघत राहिले. प्राचार्यांनी दोनदा विचारलं, मग "जा" म्हणाले.

सरांची नोकरी गेली. कुरखेड्याला एका शाळेत त्यांना काम मिळालं. माझ्या लाजाळूपणाचं घरात कौतुक होई. त्या दिवसापासून ते ऐकलं की मला संताप येतो. विभागप्रमुखांपुढचा चहाचा कप उचलून फेकावासा वाटे. फेकला मात्र नाही. कप भरून मीच नेऊन देत असे.

सर जायचे त्या दिवशी मी धीर करून मोटारस्टँडवर गेले. त्यांच्या पायाशी एक ट्रंक आणि पुस्तकांचं गाठोडं होतं. मी म्हटलं, "सर, माझं चुकलं."

"चुकलं कुठी, बाई?" इतक्या शांत आवाजात ते कधीच बोलले नव्हते. "चुकलेल्या उत्तरावर मी रागावतो. तुमी तं पानच कोरं ठेवलं."

आणि ट्रंक उचलून ते गाडीत चढले.