पाऊण मिनिट मागचा भाऊ

समस्त जनतेस, आणि विशेषतः ज्या जनतेचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही तिला, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की रत्नागिरीतून एकेकाळी अख्ख्या जगाला ऐकू जाऊ शकेल असं एक रेडिओ केंद्र चालत होतं. जगाने या संधीचा फारसा लाभ घेतला नाही. दिवस बरा असला तर श्रोते अकरा असत, आणि त्यातले दोघे आम्हीच, आपला आवाज नीट जातोय का ते बघायला बसलेले.

इंटरनेटवरचं केंद्र होतं ते. राजिवड्याच्या अलीकडे एका कॉम्प्युटर क्लासच्या माडीवर खोली, आणि आवाज घुमू नये म्हणून खिडक्यांना गोधड्या. पगार कुणालाच नव्हता. माझी शाळा दुपारची, मी चित्रकला शिकवायचे. शुक्रवारी सकाळी दीड तास गाण्यांचा कार्यक्रम माझ्याकडे असायचा. शुक्रवार अशासाठी की आमचे खरे श्रोते आखातात, आणि त्यांची सुट्टी तेव्हा. सिनेमातली गाणी त्यांना तिथेही मिळत. आम्ही लावायचो ते घरचं: जाखडी, भजनी मंडळं, कोळ्यांची गाणी, मोहल्ल्यातल्या बायकांची लग्नाची गाणी. सगळं आम्हीच जाऊन रेकॉर्ड केलेलं, त्यामुळे मधेमधे कोंबडा, कुकर आणि एकदा तर चक्क भांडणही.

यंत्रांचं खातं आम्ही ज्यांना काका म्हणायचो त्या निवृत्त गृहस्थांकडे. त्यांची सगळी नोकरी पोफळीच्या वीजघरात गेली. आयुष्यभर राज्यासाठी वीज तयार करून हा माणूस रत्नागिरीत राहायला आला आणि भारनियमनात सापडला. हा त्यांना वैयक्तिक अपमान वाटायचा. त्यावर त्यांनी तोड काढली होती. आमचा आवाज आधी परदेशातल्या एका यंत्रात जायचा, तिथे पाऊण मिनिट साठून राहायचा आणि मग श्रोत्यांकडे निघायचा. मधेच लाइट गेले आणि इन्व्हर्टरवर यायला वेळ लागला, तरी ऐकणाऱ्याला खंड कळत नसे.

"धरण आहे हे," काका म्हणायचे. "वर पाऊस थांबला तर टर्बाइनला काय कळतं? कळता कामा नये."

आमच्यातली तिसरी म्हणजे खाली क्लासमध्ये शिकवणारी मुलगी. कुठलं गाणं कधी लागलं याची वही ती ठेवायची. तिचा भाऊ दोह्याला, आमच्या अकरांतला सर्वांत निष्ठावंत. गाणं संपलं की त्याचा मेसेज येई. तोही पाऊण मिनिट उशिरा, म्हणून ती वहीत त्याच्यासाठी वेगळा रकाना पाडायची. तेव्हा मी तिला हसले होते.

तर तिचं लग्न ठरलं, आणि भावाला रजा मिळाली नाही.

त्यांच्या घरची हळदीची एक रीत होती. नवरीला पाटावर बसवायचं, डोक्यावरून पदर ओढायचा, आणि बायका एक गाणं धरायच्या. त्यात एकेका नातलगाची विचारणा असते: बाप कुठं हाय, मामू कुठं हाय. ज्याला विचारलं त्याने मोठ्याने 'आलो' म्हणायचं. सर्वांत शेवटी भाऊ. तो 'आलो' म्हणाला की त्याच्या नावाने कुणीतरी नवरीला हात देऊन उठवायचं. तोवर तिने उठायचं नाही आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. आता भाऊच नाही म्हटल्यावर चुलतभावाने 'आलो' म्हणावं असं ठरत होतं. मुलीने सांगितलं, चुलतभाऊ चालणार नाही. माझा भाऊ बोलला तर उठेन, नाहीतर पाटासकट सासरी न्या.

तिच्या आईच्या तोंडचं पाणी पळालं. ती मला म्हणाली, "बाई, तुम्ही रेडिओवाल्या. कायतरी करा."

बाईंनी केलं. माझ्या आयुष्यात मी इतक्या उत्साहाने काही बिघडवलेलं नाही. हळद शुक्रवारी सकाळी, लाइट असतील त्या वेळेत घेतली. त्यांचं घर आमच्या मागच्याच आळीत, म्हणून खोलीच्या मागच्या खिडकीची गोधडी काढली आणि तिथून मायक्रोफोनची वायर सोडून, वाटेतल्या फणसावरून त्यांच्या पडवीत आणली. काका खोलीत यंत्रापाशी, मी मायक्रोफोन घेऊन बायकांत. त्याचं 'आलो' ऐकू यावं म्हणून मामूच्या हातात मोबाइल, स्पीकर लावलेला. आणि दोह्याला मी स्वतः बजावलं: "गाणं रेडिओवरच ऐक. फोनमधून बायकांचा नुसता गलका येतो. फोन फक्त बोलायला, कानाला लावायचा नाही. तुझं नाव आलं की दणकून आलो म्हण."

"व्हय बाई," तो म्हणाला. गुणी मुलगा. शब्दन् शब्द पाळणारा.

खालाने गाणं धरलं. मुलीची ही मावशी मोहल्ल्यातली पट्टीची गाणारी. तिला मायक्रोफोन लागतच नव्हता. बाप आला, मामू आला, आत्याचा नवरा झोपेतून उठून आला. मग तिने आवाज चढवला. भाव कुठं हाय?

मोबाइल गप्प.

पुन्हा एकदा. भाव कुठं हाय? बायका थांबल्या. पाटावरची हालली नाही. तिची आई मोबाइलकडे बघत उभी, हातातल्या वाटीतली हळद कलंडायला आली होती. मी वर आमच्या खोलीच्या खिडकीकडे पाहिलं. काका टॉवेल घेऊन हवेत जोरजोराने हलवत होते. मला वाटलं, गाणं आवडलं. मीही हात हलवला.

"फोन तुटला असेल," मामू म्हणाला.

"तुटला कुठं, उजेड हाय त्यात," कुणीतरी म्हणालं. "पोरगा लाजला असेल."

शांतता झाकायला खालाने लगेच दुसरं गाणं धरलं, नवऱ्याकडच्या बाप्यांची टर उडवायचं. त्यातला पहिला सवाल: सुरमईचा मोठा तुकडा कुणी पळवला?

मोबाइल दणकून म्हणाला, "आलो! मीच तो!"

घर हसून लोळलं. नवऱ्याची चुलती म्हणाली, "बरा गावला चोर." खालाला मात्र तेव्हाच सुचलं की पोरगा आहे, फोन चालू आहे, मग राहिलेलं उरकून घ्यावं. तिने टरेचं गाणं तिथेच सोडलं आणि मोबाइलपाशी तोंड नेऊन पुन्हा पहिल्या गाण्यावर आली. या खेपेला ती गायली नाही, सरळ विचारलं. "बोल बाबा. बहिणीला कोण उठवणार?"

दोह्यात रेडिओवर त्या क्षणी सुरमई पळवली जात होती. मोहल्ल्याच्या रीतीप्रमाणे त्या सवालाला बाप्यांनी एकच उत्तर द्यायचं असतं, आणि त्यानेही ते दिलं, अगदी मन लावून.

"मी नाही, मी नाही!"

आता कुणी हसलं नाही. आईने वाटी खाली ठेवली. मामूने मोबाइल कानाला लावला, मग उगाच पुसला.

"काय बोलला हा?"

"नाही बोलला."

"एवढा पगार कमावतो आणि बहिणीला नाही बोलतो?"

"घाला चुलतभावाला पुढं. हळदीचा येल जातो."

"बाई, तुमच्या रेडिओनंच कायतरी केलं."

मी तोंड उघडलं खरं, पण सात बायका एकाच वेळी बोलत होत्या. धरण, टर्बाइन, वहीतला वेगळा रकाना, हे सगळं मला त्या सकाळी आठवायला हवं होतं आणि आठवत नव्हतं. खिडकीत काकांनी टॉवेल टाकून दिला होता आणि ते दोन्ही हातांनी डोकं धरून उभे होते. खालाने चुलतभावाचं मनगट पकडलं आणि त्याला पाटाकडे ओढलं.

तेव्हा जिने शब्दही काढायचा नव्हता तिने पदर मागे फेकला, कपाळावर हळद, आणि सगळ्या जगाला, म्हणजे अकरा जणांना, ऐकू जाईल असं ती ओरडली:

"गप बसा गो सगल्या! तो अजून मागल्या गाण्यात हाय!"