अपेक्षित उत्तराचा रकाना

अभ्यासक्रम बदलायला चार मास्तर एकत्र बसवा. कागद कोरा राहील, पण किस्से पोतंभर निघतील! आमच्या बी.एड.च्या अभ्यासक्रम समितीचं तसंच झालं. अध्यक्ष कदमसर, तीस वर्षं मास्तर घडवणारा माणूस. मी त्यांचीच विद्यार्थिनी, आता हिंगोलीत बी.एड.ला शिकवते.

माझं भांडण एकाच गोष्टीशी. आमचे विद्यार्थी शाळेत सरावाचे पाठ घेतात, त्या पाठाच्या वहीत एक रकाना असतो, 'अपेक्षित उत्तर'. उद्या वर्गात पोरं काय बोलतील, ते आजच लिहून ठेवायचं! मला तो काढायचाच होता.

"शेख मॅडम," सर म्हणाले, "तो रकाना मी बसवलाय. मी असेपर्यंत हलणार न्हाई."

*

पहिल्याच मीटिंगमध्ये मी विचारलं, "आपल्यापैकी कोणी शाळेतल्या पोरांना शेवटचं कधी शिकवलं?"

सगळे फाईल चाळू लागले. तेवढ्यात चहा आला आणि समितीची अब्रू वाचली. मीही दोन कप प्यायले.

*

शिरड शहापूरच्या शाळेत आमच्या एका भावी मास्तरानं विचारलं, "पावसाळ्यानंतर काय येतं?"

पोरगं ताडकन उठलं, "सोयाबीन, सर!"

"बराबर! हिवाळा," म्हणून गडी पुढं!

मागं बसलेल्या निरीक्षकानं शेरा मारला, 'विद्यार्थ्यांचा उत्तम प्रतिसाद.' निरीक्षक मीच होते. लाज वाटते सांगायला, पण मलाही त्या दिवशी रकानाच दिसत होता.

*

हट्टा गावच्या शाळेत आमच्या एका विद्यार्थिनीनं आदल्या दिवशीच पोरांना उत्तरं वाटून दिली. पाठ झकास चालला. तास संपत आला म्हणून बाईंनी एक प्रश्न गाळला, तर मागून रडका आवाज, "बाई, माझं उत्तर राह्यलं की!"

*

वह्या तर वारशानं चालतात, थोरल्या बहिणीची धाकटीला. एका वहीत पाठाच्या शेवटी सुबक अक्षरात लिहिलेलं, 'आवाज वाढवा. अक्षर सुधारा.' थोरलीला मिळालेला शेराही धाकटीनं मन लावून उतरवला होता!

हे मी समितीत वाचून दाखवलं. सगळे हसले, कदमसर सोडून.

"असं करू," ते म्हणाले. "मी स्वतः पाठ घेतो. पोरांनी वहीतलं उत्तर दिलं तर रकाना राहील. न्हाई दिलं, तर मीच माझ्या हातानं खोडतो."

*

सेनगावच्या शाळेत सहावीचा वर्ग. सर इस्त्रीचा सदरा घालून उभे, वही टेबलावर उघडी. आम्ही समितीवाले मागच्या बाकांत गुडघे कोंबून बसलो.

"लेकरांनो, नदी कुठून कुठं वाहते?"

पहिल्या बाकावरची पोरगी उठली. "सर, आमची कयाधू उन्हाळ्यात वाहतच न्हाई."

"आणि पावसाळ्यात?"

"तवा आमच्या शेतातून वाहते, सर!"

वर्ग खदखदला. सरांनी वहीत डोकावलं. "नीट आठव, बेटा. उंचावरून..."

"पाण्याची टाकी, सर!" मागून एक ओरडला.

सरांनी पुन्हा वहीत पाहिलं. पोरगी अजून उभीच होती.

"सर, रागावू नका. उत्तर तुमच्या वहीत लिहेल हाय, तर आमाला काहून इचारून राहिले?"

सरांनी वही उचलली, बाकांमधून चालत थेट माझ्यापाशी आले आणि हात पुढं केला.

"मॅडम, पेन द्या."