करंजी घाटातला तीन नंबरचा धूर

आमच्या ट्रकला टर्बो बसला त्या दिवशी मी शाळेत सातवीच्या वर्गाला स्थिरचित्र शिकवत होते. संध्याकाळी नागापूरला घरी पोचले तर नवरा केबिनखालून बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, "बसवला." काय बसवला हे विचारण्याइतकी माहिती मला तेव्हा नव्हती. मी चहा ठेवला.

नवरा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर होता. कारखाना बंद पडल्यावर त्याने सहा सिलिंडरचा एक जुना ट्रक घेतला आणि पाथर्डीच्या बाजूला पशुखाद्याची पोती पोचवायचं काम धरलं. ट्रक चांगला होता, फक्त करंजी घाटात दमायचा. मागचे ड्रायव्हर हॉर्न वाजवायचे. नवऱ्याला भूक, ऊन, खराब रस्ता कशाचंच काही वाटत नाही, पण हॉर्न त्याच्या मनाला लागतो. म्हणून त्याने भंगारात गेलेल्या दुसऱ्या एका इंजिनाचा टर्बो आणला आणि स्वतः पाइप वाकवून, वेल्डिंग करून बसवला. टर्बो इंजिनात जास्त हवा कोंबतो. हवा वाढली तर डिझेलही वाढवायला पाहिजे, असा विचार करून त्याने डिझेल पंपाचा स्क्रूही स्वतःच्या अंदाजाने फिरवून ठेवला.

गाडीला ताकद आली. त्याबरोबर ती मागे एवढा काळा धूर सोडायला लागली की हॉर्न वाजवणारे दिसेनासे झाले. घाटात पाण्याच्या तापमानाचा काटा लाल रेघेच्या पुढे जायचा. नवरा काट्याकडे न बघता गाडी चालवायला शिकला.

नगरमधल्या एका मोठ्या गॅरेजवाल्याने बाहेरूनच बघून सांगितलं, "ह्याला धुराच्या पाइपात तापमान मोजणारा सेन्सर लागतो. तो बसवून आणा, मग हात लावतो." सेन्सर नगरला मिळत नव्हता. पुण्याच्या दुकानदाराने फोनवर विचारलं, "कुठल्या मॉडेलसाठी?" नवऱ्याने मॉडेलचं वर्णन केलं. पलीकडून फोन बंद झाला.

शेवटी कोणीतरी कोल्हारच्या डिझेल पंप मिस्त्रींचं नाव काढलं. सगळे ड्रायव्हर त्यांना मामा म्हणत, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो. सत्तरीचे होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. आम्ही सुट्टीच्या दिवशी गाडी घेऊन त्यांच्याकडे गेलो, तर त्यांनी नवऱ्याशी बोलायच्या आधी गाडी थंड होऊ दिली. तासभर आम्ही तिघे बसून राहिलो. मग ते म्हणाले, "आता चालू करा."

इंजिन सुरू झाल्यावर त्यांनी तांब्यातल्या पाण्यात बोटं बुडवली आणि धुराच्या सहाही नळ्यांवर एकेक थेंब सोडत गेले. थेंब दिसत नव्हते, ते ऐकत होते. पाच ठिकाणी चर्र झालं. चौथ्या नळीवर पाणी नुसतं बसून राहिलं.

"ह्यो चौथा काम करत न्हाई," मामा म्हणाले. "बाकीचे पाच जन त्याला पाठीवर घिऊन चालल्यात."

चौथ्याचा डिझेल फवारणारा नोझल काढला तर तोंडावर काजळी चिकटलेली. ती साफ करून नोझल परत बसवला आणि सहाव्यांदा चर्र झालं. आमचं काम तिथेच संपलं असं मला वाटलं होतं. पण मामा म्हणाले, "आता डिझेल किती द्यायचं त्ये ठरवायचं. त्ये हितं ठरत न्हाई. भरलेली गाडी चढावर पायजे. आन् धूर बघायला मानूस पायजे. मला दिसत न्हाई."

"मी बघतो की आरशातून," नवरा म्हणाला.

"मालक, तुमी गाडी चालवनार का धूर बघनार?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "ही बघेल. ही चित्रकलेची शिक्षिका आहे."

लग्नाला बावीस वर्षं झाली होती. माझी नोकरी काय आहे हे त्याने कोणाला अभिमानाने सांगितलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मामा माझ्या दिशेने वळले. "बाई, काळा म्हंजी कसला काळा, त्ये सांगता येईल का?"

मी घरी आल्यावर पांढऱ्या कार्डशीटवर पोस्टर कलरने पाच चौकोन रंगवले. एक नंबर म्हणजे जेमतेम राखाडी, पाच नंबर म्हणजे निव्वळ काळा. मधले तीन रंगवायला दोन संध्याकाळी गेल्या, कारण वाळल्यावर राखाडी रंग बदलतो. मोबाईलवर शूटिंग करावं असंही आधी ठरलं होतं. पण मोबाईल धूर आपल्या मनाने उजळ करून दाखवतो हे दोनदा बघितल्यावर आम्ही तो विचार सोडला. मामांना फोनवर पाच नंबरांबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "दोन आन् तीनच्या मधी थांबायचं. चारला इंजिन जळतंय."

तापमानासाठी त्यांची दुसरी युक्ती होती. टायरवाले चाकाच्या तोलासाठी शिशाचे तुकडे लावतात, तसा एक तुकडा टर्बोच्या पुढच्या पाइपावर तारेने बांधायचा. सगळ्या फेऱ्या झाल्यावर, पाइप निवला की, हाताने चाचपून बघायचं. शिसं जागेवर असेल तर ठीक. वितळून गेलं तर डिझेल जास्त.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पोती भरून करंजी घाटात गेलो. घाटाच्या मध्यावर एका वळणाशी गाडी उभी राहील एवढी जागा आहे. तिथल्या कठड्यावर मी आणि मामा बसलो. नवरा गाडी खाली नेणार, तिथून भरधाव चढवणार, आमच्या समोरून वर जाणार आणि वळवून परत आमच्याकडे येणार. मग मामा स्क्रू फिरवणार.

सकाळी घरून निघताना नवरा मला हळूच म्हणाला होता, "हे बघ, जरा कमीच सांग. मामा भित्रे आहेत. सगळं डिझेल काढून घेतील, आणि मग टर्बो बसवून काय उपयोग?"

मी कार्ड पिशवीत ठेवलं होतं.

पहिल्या फेरीला गाडी आमच्यासमोरून गेली, मी कार्ड हात लांब करून आकाशासमोर धरलं आणि म्हणाले, "पाच." हे कोणालाही दिसलं असतं. पलीकडे शेळ्या घेऊन बसलेली म्हातारीही खोकत होती. मामांनी अर्धा फेरा स्क्रू मागे घेतला. पुढच्या फेरीला चार आला.

आणि मी "तीन" म्हणाले.

का म्हणाले ते मला आजही नीट सांगता येत नाही. गाडी त्या चढाला खरंच सुंदर चढली होती. खिडकीत नवऱ्याचा चेहरा दिसला होता. कारखाना बंद झाल्यापासून तो चेहरा मी पाहिला नव्हता.

मामांनी नाक वर करून हवा ओढली. "बाई, तीन?"

"तीन."

"बरं," ते म्हणाले. परत आलेल्या गाडीखाली हात घालून त्यांनी स्क्रू चाचपला. नवरा म्हणाला, "गाडी मस्त ओढते मामा. अजून थोडं द्या, खाली दुसऱ्या गिअरमध्ये जरा कमी पडतं." मामा म्हणाले, "तीन हाय म्हंजी चारच्या आत हाय. एक फेरी थोडं दिऊन बगू, मग मागं घिऊ," आणि पाव फेरा वाढवला.

तिसऱ्या फेरीला गाडी आमच्यासमोरून गेली आणि धूर पुन्हा पाच नंबरच्या चौकोनाला जाऊन भिडला. ती वळणाआड गेली, मग आवाज खाली आला, मग थांबला. पाच मिनिटांनी नवऱ्याचा फोन आला. "गाडी उभी आहे," तो म्हणाला. त्याच्या आवाजामागे वाफेचा आवाज होता.

मामांचा हात धरून मी चढ चढले. रस्त्याच्या कडेने, एकेक पाऊल. वर गाडी रेडिएटरमधून वाफ सोडत उभी होती आणि नवरा पाण्याचा कॅन घेऊन तिच्यापासून चार हात लांब उभा होता. इंजिन निवल्यावर मामांनी पाइपावर हात फिरवला. तार होती. शिसं नव्हतं.

"ह्या फेरीला किती हुता?"

"पाच," मी म्हणाले. "आणि त्याच्या आधी चार होता."

"मग तीन कोन म्हनलं?"

"मी."

नवरा लगेच पुढे आला. "मीच सांगितलं होतं तिला. तिचा दोष नाही."

मामा गाडीच्या पायरीवर बसले. रागावले नव्हते, निदान तसे दिसत नव्हते. "मला कमी दिसतंय म्हनून तुमाला आनलं," ते म्हणाले. "तुमी खरं सांगितलं तर मला नुसतं कमी दिसतंय. खोटं सांगितलं तर मी आंधळा."

वर्गात मुलांनी चूक केल्यावर मी त्यांना कान धरून उभं करते. त्या दिवशी माझ्यासाठी कोणी तसं काही सुचवलं असतं तर बरं झालं असतं.

इंजिनाचं नुकसान झालं नव्हतं. दुपारी मामांनी स्क्रू मागे घेतला, आणि दोन फेऱ्यांनंतर मी सांगितलं, "दोन आणि तीनच्या मध्ये. दोनच्या जवळ." ह्या वेळी त्यांनी मला पुन्हा विचारलं नाही. मला ते जास्त लागलं. नवीन बांधलेलं शिसं जागेवर होतं. मामांनी त्यात नख रोवून पाहिलं आणि म्हणाले, "बास."

"अजून एक पाव फेरा?" नवऱ्याने विचारलं.

"न्हाई."

पुढच्याच महिन्यात मी मामांना नगरला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. ते यायला तयार नव्हते. हाताला सगळं कळतं, म्हणाले. मी तीन रविवार चर्चमधली उपासना झाली की कोल्हारची एसटी पकडायचे आणि त्यांच्या दारात जाऊन बसायचे. चौथ्या रविवारी ते पिशवी भरून बसले होते.

ऑपरेशननंतर एका डोळ्याची पट्टी काढली तेव्हा आम्ही दोघंही तिथे होतो. डॉक्टरांनी विचारलं, कोण दिसतंय? मामांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"बाई हायेत," ते म्हणाले. "आवाजावरनं जरा उंच वाटल्या हुत्या."

मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि गाडी कुठे लावली ते विचारलं. नवरा म्हणाला, बाहेर, गेटपाशी. मामा डोळ्यावर काळा चष्मा चढवून गेटपाशी गेले, नवऱ्याने केलेलं पाइपाचं वेल्डिंग वाकून पाहिलं आणि म्हणाले, हे आधी दिसलं असतं तर ह्या गाडीला हातच लावला नसता.