बोड्राई कोणी रोवली

लच्चय्या आमच्या गावचा नव्हता, असं इथे म्हणतात. पण गाव तरी कुठे इथलं होतं? जुनं चिंतगुंटा धरणाच्या पाण्याखाली गेलं तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. सरकारने आम्हाला उघड्या माळावर जागा आखून दिली. नुसते दगडगोटे. साठ घरांची माणसं ताडपत्रीखाली राहत होतो आणि दोन कोसांवरून पाणी आणत होतो. मी शिंपी. गिऱ्हाइकांची मापं सोडून आजवर फारसं काही लिहिलेलं नाही, तेव्हा मागचं-पुढचं झालं तर सांभाळून घ्यावं.

लच्चय्या कालव्याच्या कामावर दगड फोडायला आला होता. बायको मुत्तम्मा, एक मुलगी, दोन गाढवं. एका सकाळी तो आमच्या तळावर आला, एका वारुळाशेजारी उकिडवा बसला आणि म्हणाला, "इथे खणा."

आमचे म्हातारे हसले. "दगडफोड्या आता पाणी सांगायला लागला!"

"हसा की. पण कोरड्या घशाने हसू नका, ठसका लागेल."

बावीस हातांवर पाणी लागलं. विहीर त्यानेच बांधली. कालव्याची टोळी पुढे गेली, हा मागे राहिला. आमच्या घरांचे उंबरे, उखळं, जाती, सगळी त्याच्या हातची.

पाणी झालं, पण बोड्राई नव्हती. बोड्राई म्हणजे गावाची बेंबी. तो दगड रोवल्याशिवाय आमच्याकडे वस्तीला गाव म्हणत नाहीत. जुनी बोड्राई पाण्यातच राहिली, ती उपटायची कुणाची छाती झाली नाही. नवी लच्चय्याने घडवली. आता रोवायची कुणी? रोवणाऱ्याचा वंश खुंटतो अशी भीती. गावचे मोठे म्हणजे आताच्या सरपंचाचे, बापुरेड्डीचे वडील. त्यांना नेमका त्याच दिवशी ताप आला. बाकीचे चार म्हातारे एकमेकांच्या मागे सरकायला लागले. उरलेलं गाव भीतीने जवळ फिरकलंच नव्हतं.

"सरा बाजूला," लच्चय्या म्हणाला. "मला एकच पोर, तीही परक्या घरी जाणार. माझा वंश खुंटून खुंटून किती खुंटणार?" मग माझ्याकडे वळून, "तम्मी, दोरीचं ते टोक धर."

तम्मी म्हणजे धाकटा भाऊ. मी टोक धरलं, पण डोळे मिटून. डोळे उघडले तेव्हा दगड उभा होता आणि लच्चय्या खांद्याला लागलेलं रक्त पुसत होता.

वर्षं गेली. कुणाचं काही वाईट झालं नाही. ते चार म्हातारे एकेक करून गेले. मग बोड्राई बापुरेड्डीच्या वडिलांनी रोवली असं कुणीतरी बोललं, आणि पुढे सगळेच तसं बोलायला लागले. लच्चय्या ऐकायचा आणि मिशीत हसायचा. मी ऐकायचो आणि मशीन चालवायचो.

पाच वर्षांपूर्वी बोड्राई कलली. पुन्हा बसवायचं ठरलं. त्या दिवशी गावाची शीव बांधतात. गावच्या माणसाने बाहेर जायचं नाही, परक्याने आत राहायचं नाही. फक्त लेकी-जावयांना बोलावतात. सभेत बापुरेड्डी, तो आता सरपंच, यादी वाचत होता. कमिटीतला शेखर मध्येच म्हणाला, "लच्चय्या ताताचं काय करायचं? त्यांचं मूळ गाव पालमूरकडचं. नियम म्हणजे नियम." तात म्हणजे आजोबा.

लच्चय्या काठी टेकत उठला. ऐंशी ओलांडलेली. "अरे, गावाची बेंबी मी पुरली आणि मीच परका? तुमचे जावई चालतात, मी चालत नाही?"

हशा पिकला. बापुरेड्डी मात्र हसला नाही. "तात, बोड्राई माझ्या वडिलांनी रोवली."

"तुझा बाप गोधडीत होता रे! ह्या तम्मीला विचार. दोरी त्याच्या हातात होती."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. माझं मशीन चाळीस वर्षं बापुरेड्डीच्या ओट्यावर आहे. पण त्याच्यावर ढकलणं बरोबर नाही. मला कुणी धमकावलं नव्हतं. एवढी माणसं एकदम माझ्याकडे बघतायत एवढंच झालं होतं. मी खाली चपलांकडे बघत म्हणालो, "फार दिवस झाले. मला नीटसं आठवत नाही."

"म्हातारा झालास, तम्मी," लच्चय्या म्हणाला आणि बसला.

बोड्राई बसवायच्या गुरुवारी तो आणि मुत्तम्मा चटई आणि घागर घेऊन शिवेबाहेर चिंचेखाली जाऊन बसले. वाटांवर कडुनिंबाच्या फांद्या आडव्या पडल्या. आत बोकड शिजला. ज्यांनी हा माळ कधी पाहिला नव्हता असे जावई पंगतीला बसले. बोड्राईवर पहिली घागर बापुरेड्डीने ओतली. मग रांगेत माझा नंबर आला, मीही ओतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शीव मोकळी झाली. मी चिंचेखाली गेलो.

"अण्णा, चला घरी."

"कमिटीने पाठवलं?"

"नाही. मीच आलोय."

"मग आधी त्यांना जाऊन सांग दोरी कुणी धरली होती ते. मग येतो."

मुत्तम्मा चटई गुंडाळत म्हणाली, "त्याला कशाला छळता? बिचाऱ्याला आठवत नाही ना."

"सांगतो," म्हणालो आणि गावात आलो. बापुरेड्डी जावयांबरोबर चहा पीत बसला होता. "या, बसा," म्हणाला. मी बसलो, चहा प्यालो आणि घरी गेलो.

दुपारी लच्चय्याच्या लेकीने रिक्षा पाठवली. दोघं तिच्या गावी गेली ती परत आली नाहीत. पुढच्या आठवड्यात जाऊ, पोळ्यानंतर जाऊ, असं मी चौदा महिने म्हणत राहिलो. मग तो गेल्याचा फोन आला.

त्यानंतरच्या ग्रामसभेत मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. ताप, दोरी, मिटलेले डोळे, सगळं. आता आरडाओरडा होईल असं वाटलं.

शेखर म्हणाला, "हो का, तात? मग तेव्हाच सांगायचं ना."

बापुरेड्डी म्हणाला, "असेल. आमचे वडील तसे भित्रेच होते." एक-दोघं हसले. तोही हसला.

पुढचा विषय रस्त्यावरच्या दिव्यांचा होता, तो निघाला. मी अजून उभाच होतो. लच्चय्या समोर असताना बोललो असतो, तरी याहून जास्त काही झालं नसतं.