माझ्या पडद्यावर तिचे बोट

दिनांक १५ एप्रिल २०२५, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटे. दारव्ह्यातील आमच्या घराच्या पुढच्या खोलीत संगणक दुरुस्त करणारे एक गृहस्थ माझ्या खुर्चीवर बसले होते. त्यांच्या मागे माझी पत्नी उभी होती. ती बोलत नव्हती. तिला बोलण्याची मनाई होती.

पत्नीने बत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. शेवटच्या रांगेतल्या मुलाला ऐकू जावे अशा बेताने बोलण्यात तिचा गळा खर्ची पडला. मार्चमध्ये आवाज बसला तो उठलाच नाही. यवतमाळच्या डॉक्टरांनी नळी घालून तपासले. स्वरतंतूंवर गाठी निघाल्या. सहा आठवडे संपूर्ण मौन, कुजबुजही नको, असे त्यांनी बजावले. मौन पाळले तर गाठी विरतील. न पाळले तर शस्त्रक्रिया, आणि मग आवाज पूर्वीसारखा येईलच असे सांगता येणार नाही.

पहिल्या आठ दिवसांत ती तीनदा बोलली. तिन्ही वेळा कारण मी होतो.

मी तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. डाव्या कानाने ऐकू येत नाही. उजव्याने येते, पण कूलर बंद असेल तर. सकाळभर मी जुन्या महसुली शब्दांची टिपणे टंकित करतो आणि तेव्हा पडद्यावरून नजर काढत नाही. तिने टाळ्या वाजवून पाहिल्या, ताट वाजवून पाहिले, माझ्या मोबाइलवर संदेश पाठवून पाहिले. माझा मोबाइल सदऱ्याच्या खिशात असतो आणि सदरा खुंटीवर. तिसऱ्या वेळी मी रक्तदाबाची गोळी एकदा घेऊन झालेली असताना पुन्हा घेत होतो. ती स्वयंपाकघराच्या दारातून "थांबा" म्हणून ओरडली. तो आवाज तिचा नव्हता. मी गोळी खाली ठेवली. त्या दिवशी आम्ही दोघेही नीट जेवलो नाही.

पुसदला आमची मुलगी असते. तिने फोन करून सुचवले की उरलेले पाच आठवडे आईने तिच्याकडे राहावे. तिथे खुणा समजणारी माणसे आहेत, असे ती म्हणाली. ते खरे होते. मी उत्तर दिले नव्हते.

संगणकवाले गृहस्थ चौथीत माझ्या पत्नीचे विद्यार्थी होते. त्यांचे वडील बाजारात रेडिओ दुरुस्त करीत. आता त्यांची स्वतःची दाढी पांढरी होऊ लागली आहे, तरी तिच्यासमोर ते हात मागे बांधून उभे राहतात. तिची अडचण तिने त्यांना कागदावर लिहून दिली होती. ती वाचून त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"काकाजी, तुम्ही मोबाइल पाहतच नाही, तर बाईनं त्याच्यावर लिहून काय फायदा? तुम्ही जिथी पाहता, तिथीच लिहा लागन."

त्यांनी तिच्या फोनमध्ये आणि माझ्या संगणकात काहीतरी भरले व दोन्ही जोडले. मग तिला फोनवर बोट फिरवायला सांगितले. माझ्या पडद्यावरचा बाण सरकला. तिने फोनवर लिहिले, आणि माझ्या टिपणात, 'पोटहिस्सा' या शब्दाच्या खाली, अक्षरे उमटली: 'चष्मा पुसा.' मी चष्मा पुसला. ते गृहस्थ हसले. बाईंच्या हातात पुन्हा वर्ग आला, असे काहीसे म्हणाले. निघताना दारातून त्यांनी आणखी एक वाक्य सांगितले. कूलरच्या घरघरीत ते मला ऐकू आले नाही. मी मान हलवली. न ऐकलेल्या वाक्याला मान हलवण्याची सवय मला नोकरीपासून आहे.

पत्नी आत गेली आणि चिंच फोडायला बसली. मी मुलीला ई-मेल लिहायला घेतला. फोनवर मला असे बोलता येत नाही. लिहिताना निदान वाक्य पुरे करता येते.

'चि. मुलीस अनेक आशीर्वाद. तुझी सूचना मान्य आहे. आई येथे राहिल्यास बोलेल, आणि ते माझ्यामुळे होईल. आज फोनची एक व्यवस्था केली आहे, परंतु माझा त्या व्यवस्थेवर विश्वास नाही. दुपारी चारला तुझी आई मला चहासाठी हाक मारते. नोकरीत असताना सुटीच्या दिवशी, आता रोज, अशी चाळीस वर्षे मारते. आता मारत नाही. तरीही चारच्या सुमारास मी कूलर बंद करून बसतो. तिने बोलू नये यासाठी घरात एवढी धडपड चालू आहे आणि मी तिची हाक ऐकू यावी म्हणून कान देऊन बसतो. हे योग्य नाही. अशा माणसाजवळ तिला ठेवू नये. येत्या रविवारी येऊन तिला घेऊन जा.'

मी थांबलो. शेवटच्या वाक्यातली अक्षरे मागून एकेक करून नाहीशी होऊ लागली. आधी 'जा' गेले, मग 'घेऊन'. मनगटाखाली एखादी कळ दाबली गेली असावी, असे मला वाटले. मी दोन्ही हात उचलून छातीशी धरले. अक्षरे जातच राहिली. 'रविवारी' गेले तेव्हा दारातून न ऐकलेले वाक्य काय असेल ते माझ्या ध्यानात आले. मी जे पाहतो ते सगळे तिलाही तिच्या फोनवर दिसत होते.

रिकाम्या झालेल्या जागी नवी अक्षरे आली.

'घेऊन जा काय? मी काय गॅसचं सिलिंडर आहो?'

मी उठून आत जाऊ शकलो असतो. सोळा पावले आहेत. मी गेलो नाही. टंकित केले: 'तू केव्हापासून वाचत आहेस?'

'आशीर्वादापासून.'

मी लिहिले: 'तू येथे राहिलीस तर बोलशील.'

'कायले बोलीन? तुम्ही वाचून राह्यले ना.'

'मी नेहमीच संगणकासमोर नसतो.'

'असता. मले माहीत आहे कुठी असता ते.'

ती लिहितच होती. एका बोटाने लिहीत असल्यामुळे अक्षरे सावकाश येत होती, आणि मला प्रत्येकाची वाट पाहावी लागत होती.

'पुसदले सगळे माझ्या तोंडाकडे पाहत बसतीन. मले तिथी जास्त बोलावंसं वाटन. इथी नाही वाटत. चार वाजता कूलर बंद करत जा. मी हाक मारणार नाही. पण बंद करत जा.'

हे मी दोनदा वाचले. नंतर तिची आणि माझी प्रश्नोत्तरे खोडली. 'तुझी सूचना मान्य आहे' या वाक्यात 'आहे'च्या जागी 'नाही' घातले. शेवटी लिहिले: 'आई येथेच राहील. फोनच्या व्यवस्थेबद्दल वर लिहिलेले मागे घेतो.' त्याखाली तिने स्वतः भर घातली की रविवारी मुलीने यावे, फक्त जेवायला, आणि आल्यावर आईला काही विचारू नये.

आता चहाचा आणि कूलरचा मजकूर काढणे बाकी होते. तो मुलीने वाचण्यासारखा नव्हता. मी माउस धरून बाण त्या ओळीकडे नेला. बाण हातातून निसटल्यासारखा खाली गेला. मी पुन्हा वर आणला. तो पुन्हा खाली गेला. एकाच बाणाला दोन हात लागले होते आणि आम्हा दोघांपैकी कोणीही बोलत नव्हते. तिसऱ्या वेळी मी माउस घट्ट धरला, तेव्हा बाण किंचित थरथरला आणि मी बोट उचलायच्या आत 'पाठवा' या खुणेवर जाऊन बसला. आतून तिने फोनवर बोट टेकवले असावे. ई-मेल गेला.

मी आत गेलो. ती पाटावर बसली होती. समोर परातीत चिंच, वर्तमानपत्रावर चिंचोके, आणि मांडीवर फोन. फोनच्या काचेवर चिंचेचा गर लागला होता. ती तोंडाला पदर लावून हसत होती. हसताना गळ्यातून आवाज येऊ नये, म्हणून तिचे खांदे हलत होते. मी म्हणालो, "हे बरोबर केले नाहीस." तिने चिंचेची एक शेंग माझ्या हातात दिली. मी शेजारी बसून ती फोडली. पुढेही काही फोडल्या.

मुलीचा फोन संध्याकाळी सहाच्या सुमारास आला. मजकुराबद्दल तिने काही विचारले नाही. रविवारी येते म्हणाली. मग, बाबा तुम्ही जेवलात का, असे विचारले. सहा ही जेवणाची वेळ नव्हे. मी तसे सांगितले.

फोन ठेवल्यावर मी पत्नीच्या मोबाइलमधील बॅटरी पाहिली. नऊ टक्के उरली होती. तिच्या खाटेजवळ सॉकेट नाही. माळ्यावरून एक्स्टेंशन बोर्ड काढला, त्याची सैल झालेली पिन पेचकसाने आवळली, वायर खिडकीखालून नेऊन तिच्या उशाशी आणली, आणि ओल्या फडक्याने काच पुसून फोन चार्जिंगला लावला.